एमआरआय चांगला, तरी गुडघा सटकतोय: माझ्या दोन एसीएल ऑपरेशनांचा अनुभव

ज्यांचं एसीएलचं, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगी धरून ठेवणाऱ्या लिगामेंटचं (पट्ट्याचं), ऑपरेशन होऊन बरेच महिने झालेत, एमआरआयमध्ये नवीन लिगामेंट शाबूत दिसतंय, घरचे म्हणतायत आता काय, ठणठणीत झालीस, आणि तरीही वळताना गुडघा आतल्या आत सरकतो, अशांसाठी हे लिहितेय. ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचंय त्यांनी तर नक्कीच वाचा, कारण मला ज्या गोष्टी दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी कळल्या त्यातल्या बहुतेक पहिल्याच्या आधी तपासता येतात. मी डॉक्टर नाही. सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी शाळेत पीटी शिकवते, त्याआधी कबड्डी खेळायचे, लेफ्ट कॉर्नर.

दुखापत मॅटवर झाली. लहानपणापासून मातीत खेळलेलो आम्ही, मातीत पाय थोडा घसरतो, मॅटवर बूट घालून खेळताना पाय रोवला की रोवला. रेडर परत फिरत होती, मी घोट्याला झेप टाकली, उजवा पाय तिथंच राहिला आणि अंग वळलं. कोणाचा धक्का नाही की काही नाही. आतून 'कट्' असा आवाज आला तो मला ऐकू आला, शेजारी कव्हरला खेळणाऱ्या मुलीलाही ऐकू आला. घरी पोचेपर्यंत गुडघा टम्म सुजला होता. हे लक्षात ठेवा, आवाज येऊन दोन-चार तासांत गुडघा भरला तर ती बहुतेक वेळा आत रक्त साचल्याची सूज असते आणि त्यात एसीएल तुटलेलं असायची शक्यता खूप असते. दुसऱ्या दिवशी हळूहळू येणारी सूज वेगळी.

आमच्याकडे गुडघा मुरगळला की आधी हाडवैद्याकडे नेतात, मलाही नेलं, पट्टी बांधली, सूज उतरली, चालता यायला लागलं. मग पैशांची जुळवाजुळव, बीपीएडची परीक्षा, बहिणीचं लग्न, असं करत ऑपरेशनला वर्षाच्या वर गेलं. या काळात गुडघा अधूनमधून सटकायचा. एकदा एसटीतून उतरताना, एकदा अंगणात शेवाळावर, दोनदा शाळेच्या मैदानात मुलींना दाखवताना. प्रत्येक वेळी दोन दिवस सूज, मग पुन्हा ठीक. तेव्हा वाटायचं लिगामेंट तर तुटलेलंच आहे, आता अजून काय तुटणार. पण तसं नसतं. एसीएल नसलेला गुडघा जेव्हा जेव्हा सटकतो तेव्हा आतल्या गाद्या (दोन हाडांमधल्या कुर्चेच्या चकत्या) चिरडतात, आणि एसीएल गेल्यावर जे बाकीचे पडदे-पट्टे गुडघा धरून असतात ते दरवेळी थोडे ताणले जातात. म्हणून दुखापत आणि ऑपरेशन यात जितकं जास्त अंतर, तितकी ऑपरेशननंतर ढिलाई उरण्याची शक्यता वाढते.

पहिलं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. कण्यात इंजेक्शन, कमरेखाली बधिर, मांडीच्या मागच्या शिरा (रक्ताच्या नाही, स्नायू हाडाला बांधणाऱ्या) म्हणजे हॅमस्ट्रिंगच्या दोन दोऱ्या काढून त्यांची घडी घालून नवीन लिगामेंट केलं. बाहेरच्या बाजूची गादी मागं फाटली होती, शिवण्यासारखी नव्हती म्हणून तो तुकडा कापून काढला. सगळं व्यवस्थित पार पडलं, जखमा भरल्या, ब्रेस, वॉकर, मग फिजिओ. फिजिओ मी मनापासून केली, एक दिवस चुकवला नाही असं आईसुद्धा सांगेल.

आठव्या-नवव्या महिन्यात सरळ पळायला लागले. सरळ पळताना काहीच त्रास नाही. जिना चढा, उतरा, सायकल मारा, काही नाही. पण मैदानावर कट मारला, म्हणजे पळता पळता पाय रोवून दिशा बदलली, की गुडघा एकदम आतून सरकून परत जागेवर आल्यासारखा वाटायचा. दुखायचं नाही फारसं. पण जी भीती बसते ना, ती सांगता येत नाही, तुम्ही पुढच्या वळणाला पाय टाकायलाच धजत नाही.

सगळे म्हणायचे मांडी कमजोर आहे, व्यायाम वाढव. हे पूर्ण खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ह्यात माझा वेळ गेला. क्वाड्स म्हणजे मांडीचे पुढचे स्नायू कमजोर असले तरी गुडघा दगा देतोच. ऑपरेशननंतर मेंदू त्या स्नायूला नीट चालूच होऊ देत नाही, सूज असेल तर अजूनच. दोन्हीतला फरक मला फिजिओ ताईंनी समजावला. स्नायू कमजोर असेल तर गुडघा बहुतेक जिना उतरताना, उतारावर, उकिडवं बसून उठताना पुढच्या पुढं दुमडतो, आणि व्यायाम वाढवला की महिन्याभरात फरक पडायला लागतो. खरी ढिलाई असेल तर गुडघा वळण्यात सटकतो, पाय रोवून अंग फिरवलं की. ताईंनी दोन्ही मांड्यांची ताकद मोजली, उजवी डावीच्या नव्वद टक्क्यांच्या वर आली होती, तरी वळताना तेच. तेव्हा त्याच म्हणाल्या की आता व्यायामाला दोष देऊ नकोस, परत दाखव.

दाखवलं. एमआरआय केला. रिपोर्टात ग्राफ्ट इनटॅक्ट, म्हणजे बसवलेलं नवीन लिगामेंट शाबूत. खरं सांगते, तो रिपोर्ट वाचून मला आनंद व्हायला हवा होता, पण मी रडले, कारण आता माझ्यावर कोण विश्वास ठेवणार असं वाटलं. ज्यांना असा रिपोर्ट हातात घेऊन गप्प बसायला लागलंय त्यांना सांगते, एमआरआय म्हणजे झोपलेल्या, न हललेल्या गुडघ्याचा फोटो. लिगामेंट तुटलंय की नाही हे तो सांगतो. ते गुडघ्याला फिरण्यापासून धरतंय की नाही हे त्यात दिसत नाही. त्यासाठी हातानं तपासावं लागतं.

मग पुण्याला एका दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले जे खेळाडूंचे गुडघेच बघतात. त्यांनी आधी एमआरआय बघितलाच नाही, टेबलावर झोपवलं आणि दोन्ही गुडघे हातात घेतले. पहिली लॅकमन टेस्ट, गुडघा वीस-तीस अंश वाकवून नडगी पुढं ओढतात. त्यात माझा उजवा गुडघा जवळजवळ डाव्यासारखाच होता, ओढल्यावर एका जागी पक्का अडत होता. मग पिव्हट शिफ्ट. पाय सरळ, पाऊल आत वळवलेलं, गुडघ्याला बाहेरून आत दाब देत हळूहळू वाकवायचं. तीसेक अंशांवर आल्यावर आत 'धप्प' झालं. तोच तो प्रकार, मैदानावर होतो तो! मी टेबलावरच ओरडले की हेच, हेच होतं मला. डॉक्टर म्हणाले, "होय, ग्रेड दोन आहे. लिगामेंट शाबूत आहे, पुढं-मागं धरतंय, पण फिरताना धरत नाहीये."

ही टेस्ट जागेपणी फसते कारण पेशंट घाबरून मांडी आवळतो. म्हणून चांगले सर्जन ऑपरेशन टेबलावर भूल दिल्यावर, कापायच्या आधी परत करतात. आणि ऑपरेशनच्या आधीच ही टेस्ट जोरात पॉझिटिव्ह असणं हाच नंतर ढिलाई उरण्याचा एक मोठा इशारा असतो, म्हणजे फक्त एसीएल नाही, अजूनही काहीतरी सैल आहे असा त्याचा अर्थ.

मग त्यांनी मला हात पुढं करायला सांगितले. मला कळेना गुडघ्यासाठी हात कशाला. करंगळी मागं नव्वद अंशाच्या पलीकडं जाते का, अंगठा वाकवून मनगटाच्या आतल्या बाजूला टेकतो का, कोपर उलटं वाकतं का, गुडघा सरळच्या पलीकडं मागं जातो का, आणि गुडघे न वाकवता तळवे जमिनीला टेकतात का. बेटन स्कोअर म्हणतात ह्याला, एकूण नऊ गुण. करंगळ्या, अंगठे, कोपरं, गुडघे दोन्ही बाजूंचे धरून आठ आणि तळव्यांचा एक. मला सात मिळाले. शाळेत असताना मी मैत्रिणींना अंगठा मनगटाला लावून दाखवायचे, योगासनांत बक्षीस मिळालेलं, सर म्हणायचे हिचं अंग रबरासारखं आहे, आणि ते कौतुक होतं. तेच अंग आता गुडघ्याच्या आड आलं. ज्यांचे सगळेच सांधे उपजत ढिले असतात, विशेषतः ज्यांचा गुडघा दहा अंशांपेक्षा जास्त उलटा जातो, त्यांचा नवीन ग्राफ्ट पण हळूहळू ताणला जाऊ शकतो, आणि बाजूचे पट्टे आधीच सैल असल्यामुळं सगळा भार त्या एका ग्राफ्टवर येतो. ही तपासणी दोन मिनिटांत होते, पैसे लागत नाहीत, मशीन लागत नाही. म्हणूनच मला त्याचं एवढं वाटतं.

पुढं त्यांनी जुन्या ऑपरेशनचे कागद मागितले. डिस्चार्ज कार्ड बहुतेक जण ठेवतात, पण ऑपरेशन नोट्स वेगळ्या असतात, त्या मागून घ्या, आतले फोटो किंवा व्हिडिओ असला तर तोही. माझ्या नोट्समध्ये ग्राफ्टची जाडी सात मिलिमीटर लिहिलेली. साधारण आठच्या खालचा हॅमस्ट्रिंग ग्राफ्ट, आणि त्यात पेशंट तरुण खेळाडू, हे जोडीनं आलं की परत फाटायचा धोका जास्त असतो. बारीक चणीच्या मुलींच्या शिरा बारीकच निघतात, त्यात कोणाचाच दोष नाही, पण मग घड्या वाढवता येतात किंवा दुसरी शीर वापरता येते.

ग्राफ्ट बसवायला मांडीच्या आणि नडगीच्या हाडात बोगदा पाडतात. एक्स-रे काढला त्यात मांडीच्या हाडातल्या बोगद्याची जागा दिसली. सर्जन लोक ही जागा घड्याळाच्या काट्यांनी सांगतात. उजव्या गुडघ्यात साधारण दहाच्या जागी पाहिजे तो बाराच्या जवळ होता, म्हणजे ग्राफ्ट जरा उभा बसलेला. मांडवाचा खांब बांधताना दोरी खांबाला चिकटून उभी बांधली तर खांब फिरायचा राहत नाही, दोरी तिरकी लांब ओढली की मगच तो धरला जातो, तसंच हे. उभा ग्राफ्ट नडगी पुढं जाऊ देत नाही, म्हणून लॅकमन चांगली येते, पण फिरणं तो थांबवत नाही. पूर्वी नडगीच्या बोगद्यातूनच वरचा बोगदा पाडायची पद्धत सगळीकडं होती आणि त्यात असं व्हायचं, आता बरेच जण वेगळ्या भोकातून वरचा बोगदा पाडतात. माझ्या पहिल्या डॉक्टरांबद्दल मला काही तक्रार नाही, त्यांनी ऑपरेशन स्वच्छ केलं होतं.

त्याच एक्स-रेवर त्यांनी नडगीच्या वरच्या पृष्ठभागाचा उतार मोजला. हे मी पहिल्यांदाच ऐकलं. नडगीचं डोकं सपाट नसतं, मागच्या बाजूला उतरतं असतं. हा उतार बारा अंश किंवा जास्त असेल तर प्रत्येक पावलाला मांडीचं हाड मागं घसरतं आणि नडगी पुढं ढकलली जाते, ग्राफ्टवर कायमचा ताण. काहींना, विशेषतः ग्राफ्ट परत परत फाटलेल्यांना, हाड कापून उतार कमी करायचं ऑपरेशन करतात. माझा नऊ निघाला, तेवढी एक काळजी मिटली.

आणि गादी. बाहेरची गादी मागच्या मुळापाशी नीट असेल तर ती नडगीला फिरू देत नाही. माझा तो भाग कापलेला. आतल्या बाजूच्या गादीचा मागचा कडेचा भाग पण फाटू शकतो, त्याला रॅम्प लिजन म्हणतात, तो एमआरआयमध्ये बऱ्याचदा सुटतो आणि समोरून दुर्बीण घातली तरी दिसत नाही, मुद्दाम मागच्या कप्प्यात जाऊन बघावं लागतं. म्हणून ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना विचारा की गादीचं काय करणार, शिवता येईल का, मागचा कप्पा बघणार का. विचारण्यात अपमान कसला, उलट ज्यांना ह्यातलं कळतं ते डॉक्टर खूश होऊन सांगतात हा माझा अनुभव.

म्हणजे माझ्या बाबतीत एकच कारण नव्हतंच. ढिलं अंग, उशीर, कापलेली गादी, बारीक आणि उभा ग्राफ्ट, सगळं एकावर एक. ह्यातली एखादी गोष्ट असलेले कित्येक जण मजेत खेळतात.

डॉक्टरांनी मग गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूबद्दल सांगितलं, आणि मला त्याचा इतिहास इतका आवडला की घरी येऊन वाचत बसले. पॉल सेगाँ नावाच्या फ्रेंच सर्जननं १८७९ मध्ये लिहून ठेवलेलं की गुडघ्याच्या बाहेर-पुढं मोत्यासारखा चमकणारा एक चिवट पट्टा असतो. मग तो जवळजवळ विस्मरणात गेला. २०१३ मध्ये बेल्जियममधल्या ल्यूव्हनच्या डॉक्टरांनी दान केलेल्या देहांचे ४१ गुडघे उघडून पाहिले आणि त्यातल्या ४० मध्ये तो सापडला, तेव्हा जगभर बातम्या झाल्या. त्याचं महत्त्व नक्की किती यावर सर्जन लोकांत वाद आहेत, पण एसीएल तुटताना बाहेरच्या बाजूचे हे पट्टेही ताणतात आणि फिरण्याची ढिलाई त्यातून येते, एवढं बरेच जण मानतात.

ह्यावर उपाय म्हणून मांडीच्या बाहेरच्या जाड पट्ट्यातून म्हणजे आयटी बँडमधून साधारण एक सेंटिमीटर रुंदीची पट्टी काढतात, खालचं टोक तसंच ठेवून वरचं टोक बाजूच्या लिगामेंटखालून नेऊन मांडीच्या हाडाला बसवतात. ह्याला टेनोडेसिस म्हणतात, डॉक्टर त्याचं इंग्रजी आखूड नाव 'लेट' (LET) घ्यायचे. कॅनडातल्या डॉक्टरांच्या पुढाकारानं ह्यावर मोठा अभ्यास झाला, स्टॅबिलिटी नावाचा, २०२० मध्ये निकाल आले. १४ ते २५ वयाचे ६१८ पेशंट, सगळे जास्त धोक्याचे, म्हणजे पिव्हट शिफ्ट जोरात, अंग ढिलं, वळणाचे खेळ, यातल्या किमान दोन गोष्टी असलेले. निम्म्यांना फक्त हॅमस्ट्रिंगचं एसीएल, निम्म्यांना त्याच्यासोबत ही पट्टी. दोन वर्षांत ग्राफ्ट फाटण्याचं प्रमाण पहिल्या गटात ११ टक्के, दुसऱ्यात ४. आणि ग्राफ्ट फाटला किंवा ढिलाई उरली असं सगळं धरलं तर ४० टक्के विरुद्ध २५. ते ४० टक्के वाचून मला पहिल्यांदा वाटलं की मी एकटी नाहीये. आणि ह्या २५ कडं पण बघा, पट्टी घालूनसुद्धा चौघांत एकाला काहीतरी उरतंच, त्यामुळं ही जादू आहे असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

निर्णयाला वेळ घेतला. खेळ सोडला, सरळ चालणं-पळणंच ठेवलं तर दुसरं ऑपरेशन न करताही राहता आलं असतं, डॉक्टरांनी हा पर्याय स्वच्छ सांगितला. पण माझं कामच मैदानावर, आणि सटकत राहिलेला गुडघा आतली उरलेली गादी आणि कुर्चा खात राहणार, ती झीज परत भरून येत नाही. मी ऑपरेशन निवडलं.

दुसऱ्या वेळी गुडघ्याच्या वाटीच्या खालची शीर हाडाच्या तुकड्यांसकट घेतली, ढिल्या अंगाच्या पेशंटमध्ये हॅमस्ट्रिंगपेक्षा ही कमी ताणली जाते असं त्यांचं मत, आणि तसंही त्या पायाच्या हॅमस्ट्रिंग आधीच वापरलेल्या. बोगदा नव्या जागी, बाहेरून ती पट्टी. भूल दिल्यावर आधी आणि नंतर दोन्ही वेळा पिव्हट शिफ्ट करून बघितली आणि कागदावर लिहिली, हे मी आधीच सांगून ठेवलं होतं.

बाहेरच्या बाजूला वण मोठा आहे आणि पहिले दोन-तीन महिने तिथं ओढ बसायची. गुडघा टेकून बसलं की वाटीखाली अजून दुखतं, देवघरासमोर आता पाटावर बसते. हे ह्या ग्राफ्टचं नेहमीचं दुखणं आहे, आधी विचारून घ्या, ज्यांचं काम गुडघे टेकून असतं त्यांना जड जाईल.

यावेळी घाई कोणीच केली नाही. अमेरिकेतल्या डेलावेअर आणि नॉर्वेतल्या ऑस्लोच्या लोकांचा २०१६ चा एक अभ्यास ताईंनी दाखवला, त्यात नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणं जितके महिने लांबवलं, तितकं दर महिन्याला परत दुखापत व्हायचं प्रमाण साधारण निम्मं होत गेलं. नवीन ग्राफ्ट बसवतात तेव्हा मजबूत असतो, मग शरीर त्यात नवीन रक्तवाहिन्या घालतं त्या काळात तो उलट कमजोर होतो, आणि नेमकं त्याच काळात पेशंटला बरं वाटायला लागलेलं असतं. म्हणून तारीख बघून सोडत नाहीत, एका पायावर उड्या, ताकद, उडी मारून उतरताना गुडघा आत पडतो का, हे सगळं मोजतात. माझे आकडे वर्षानंतर जमले.

आता वळताना तो 'धप्प' होत नाही. शेवटच्या तपासणीत हलकीशी सरक जाणवते असं डॉक्टर म्हणाले, ग्रेड एक, आणि डावा कधीच न दुखावलेला गुडघाही तेवढाच सरकतो, माझं अंगच तसं. त्या डाव्या गुडघ्याला त्यांनी जास्त जपायला सांगितलंय. पंचविशीच्या आतले जे खेळात परततात त्यांच्यात दोन्हीपैकी कुठल्यातरी गुडघ्याचं एसीएल परत जायचं प्रमाण साधारण २३ टक्के सांगतात, माझं वय आता त्यापुढं गेलंय पण खेळ तोच आहे. स्पर्धा खेळत नाही, मुलींबरोबर सरावाला उतरते, कॉर्नरलाच.

जूनमध्ये नवीन मुली संघात आल्या की पहिल्या आठवड्यात मी सगळ्यांची ती बेटनची तपासणी करते, करंगळीपासून तळव्यांपर्यंत. ज्यांचे गुण पाचच्या वर जातात त्यांची नावं वहीत वेगळी लिहिते, त्यांना मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम आणि उडीवरून गुडघे बाहेर ठेवून उतरायचा सराव जास्त देते, आणि त्यांच्या आयांना बोलवून सांगते की हिचा गुडघा कधी आवाज होऊन सुजला तर मालिशवाल्याकडं न नेता आधी मला फोन करा. या वर्षी अशा चार मुली आहेत.